आजचीच कापलेली काच

—पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा, साहेब. तुमचं अक्षर पहिल्यापासून मुंग्यांच्या रांगेसारखं, आणि माझा चष्मा आता जुना झाला. हं, आता दिसलं. ‘शेवटचा तुकडा उरलाय.’ ते मला दारातच कळलं—डबी अशी छातीशी धरून आलात, जसं काही तान्हं मूल. चार मजले चढून. तुम्ही. लिफ्ट चालू असतानासुद्धा तळघरातून एखादा मेणाचा ब्लॉक आणायचा झाला तर ‘काचबाईला पाठवा’ म्हणणारे तुम्ही. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा आहे, ह्या स्टुलावर बसा. तुमच्या सूनबाई खाली गाडीतच थांबल्यात ना? बरं झालं. मला जे बोलायचंय ते तुम्हा एकट्याशी बोलायचंय. अकरा वर्षं राखून ठेवलंय, आणि ऐकताना तुम्हाला मधेच तोडता येणार नाही हे तर माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आवाजाची पेटीच काढून घेतली म्हणे. लोक म्हणतात देवाच्या काठीला आवाज नसतो. इथे तर काठीनं आवाजच नेला. हसू नका, खोकला येईल. नाहीतर हसा, मला काय.

डबी टेबलावर ठेवा. उघडू नका, मी उघडते. अरे देवा—हे कुणी कापलंय? मेण एका बाजूनं तिरकं खाल्लंय, पाटावर बसून काकडी चिरावी तसं. त्या नव्या मुलींनी ना? त्यांच्या यंत्राला नुसतं बटण आहे म्हणे. बटण दाबायचं आणि सपाट होईपर्यंत पंधरा-पंधरा फेरे मेण कचऱ्यात. त्या मेणात कुणाची तरी जीभ असते, कुणाचा घसा असतो, हे बटणाला काय ठाऊक. आता ह्यात उरलंय किती—ही मसुराच्या सालाएवढी करडी चकती. आणि दुसरा तुकडा काढता येत नाही. नाही, लिहू नका, माहीत आहे मला. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला गाठ चिकटून बसलीय, सर्जन पुन्हा सुई घालायला तयार नाही. म्हणजे हे वाया गेलं की संपलं. रंगाची तपासणी नाही, आकडा नाही, आकडा नाही तर ते औषध नाही. मग तुम्हाला आठवलं, की तीन फेऱ्यांत ब्लॉक सपाट करणारा एकच हात होता. शाळा चौथीपर्यंत, नोकरीला लागला तो तुमच्या लॅबमध्ये काचा धुवायला.

तुम्ही मला शिकवलं असं तुम्ही निरोपाच्या भाषणात म्हणालात. खोटं. मला कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी फेकून दिलेल्या ब्लॉकांवर हात बसवला, दोन वर्षं. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, गार करायचा, चाक फिरवायचं, केसाच्या विसाव्या हिश्शाएवढी पातळ पट्टी सुटते, ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडू न देता काचेवर उचलायची. बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं मी चित्रं म्हणून पाठ केली, मग अक्षरं म्हणून, मग अर्थ म्हणून. तुमच्या डॉक्टर पोरांना दुर्बिणीत काय बघायचं ते मीच हळूच सांगायची—आणि ती तुमच्यासमोर पोपटासारखी बोलायची, तुम्ही खूष. तुम्ही मला हाक मारायचात ती काचबाई. पस्तीस वर्षांत नाव विचारलंत? नाही. जाऊ द्या, नावाचं काही अडलं नाही.

हे यंत्र ओळखलंत? आपलंच जुनं. भंगारात काढलंत तेव्हा मी मागून घेतलं. पाती मी वर्षाला नवी आणते, तेल दर रविवारी. त्याच्यावरचा तो खोळीचा कपडा बघा—कोटाच्या अस्तराचा, आतून दुहेरी शिवण. आमच्या मास्तरांनी शिवलेला. मास्तर म्हणजे आमचे हे. शिंपी माणूस, अख्खी गल्ली मास्तर म्हणायची, मीही तेच म्हणायची. चाळीस वर्षं टाचण्या ओठात धरून माणूस काम करत होता आणि त्याच ओठांच्या फटीतून शिट्टी वाजवायचा, तीसुद्धा सुरात. जिभेच्या कडेला जखम झाली तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू किती? मास्तर म्हणाले, ‘तंबाखू नाही साहेब, टाचण्या. रोज दोन पाकिटं.’ सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरांनी तेवढं लिहून नाही घेतलं.

आता ऐका. तुम्हाला ते सगळं पाठ आहे, पण तुम्ही पोरांना सांगायचात तसं नाही, मी मास्तरांना सांगितलं तसं ऐका. ते नव्या रंगाचं किट आलं तेव्हा त्याच्यातली पुस्तिका मी घरी आणली होती. तीन आठवडे शब्दकोश घेऊन बसले, मास्तर काज करता करता शब्द शोधून द्यायचे. मी म्हटलं, मास्तर, शरीरात पहारेकरी पेशी असतात, त्या परक्याला धरतात. पण गाठीची पेशी लबाड, ती अंगावर एक प्रथिन पांघरून घेते, पहारेकऱ्याला वाटतं ही आपल्याच घरातली—सोडून देतो. नवं औषध त्या पांघरुणाची जादू मोडतं. पण पांघरूणच नसेल तर औषध मोडणार काय? म्हणून आधी तुकड्याला रंग द्यायचा. प्रथिन असेल तिथे तपकिरी, नसेल तिथे नुसतं निळं. पेशी मोजायच्या, शंभरामागे किती तपकिरी तो आकडा. एक किंवा वर, तर औषध मिळतं. एकाच्या खाली, तर जुनी इंजेक्शनं आणि हरी हरी. मास्तर सुई थांबवून म्हणाले, ‘म्हणजे अस्तर तपासायचं. बाहेरून कोट सगळे सारखेच दिसतात.’ बघा, तुमची दोन तासांची भाषणं आणि त्यांचं एक वाक्य.

तेव्हा त्यांना काही नव्हतं बरं का. जीभ महिन्याभरात बिघडली. ऑपरेशन झालं, तो तुकडाही मीच कापला—दुसऱ्या कुणाला हात लावू देणार होते का मी? लागतात तेवढ्या काचा केल्या आणि चार जास्त. मी नेहमीच जास्तीच्या कापून ठेवायची, ब्लॉक एकदा नीट बसलाय तर पुन्हा कशाला सोलायचा. आठ महिन्यांनी मानेत गाठ आली. मग सगळे म्हणाले, तो रंग करा, आकडा बघा, औषध संस्थेतूनच मिळेल.

आणि तुम्ही बघितलंत. किती वेळ, सांगा? मी घड्याळाखाली उभी होते. दीड मिनिट. दहा पोरं भोवती, तुम्ही काच लावलीत, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, म्हणालात, ‘शून्य. पुढचा.’ पुढचा. समोर उभी असलेली बाई त्या काचेवरच्या माणसाची बायको आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी तुमच्या केबिनमध्ये आले, हात जोडून आले—मी, जी कुणापुढे झुकत नाही—आणि म्हटलं, साहेब, ब्लॉकमधून पुन्हा एक कापूया, पुन्हा रंग देऊया. तुम्ही कागदावरून मान वर केली नाहीत. म्हणालात, ‘बाई, मायेनं रंग चढत नसतो.’ बाहेर येईपर्यंत ते वाक्य पोरांच्या तोंडी झालं होतं. कँटीनमध्ये कुणाचा चहा फिका झाला तरी, ‘मायेनं रंग चढत नसतो’.

चार महिने. मास्तर चार महिने जगले. शेवटी शिट्टीही येईना. कात्री मागायचे खुणेनं, कापायला नाही, नुसती हातात धरायला.

आता खरं सांगू, मला तुमच्या आजाराची बातमी कळली तेव्हा काय वाटलं? चेहरा कसनुसा करू नका, ऐका. मला बरं वाटलं. रात्री चांगली झोप लागली. आणि मी मनात म्हटलं, कधीतरी ह्याला एक काच लागेल. ह्या बोटांची लागेल. चाकाचे चार फेरे, साहेब, पाचवाही नको, आणि तुमची ही मसुराची चकती भुगा होऊन त्या टोपलीत. मी म्हणाले असते, ‘तुकडाच खराब होता, काय करणार.’ कुणाला कळलं असतं? तुम्हाला कळलं असतं. तेवढंच पुरे होतं मला. अकरा वर्षं मी हे चाक मनात फिरवतेय.

थांबा. उठू नका. डबी राहू द्या तिथेच. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. आधी तुम्ही माझं एक काम करायचं. ही पत्र्याची डबी—मास्तरांची टाचण्यांची. हिच्यात कापसात एक काच आहे. दुर्बीण खिडकीपाशी लावलीय, उजेड चांगला आहे. बघा. दीड मिनिट नाही, बघायचं तेवढा वेळ बघा, आज मागे कुणी पुढचा नाही. बघा आणि पाटीवर आकडा लिहा. तुमच्या हातानं.

सावकाश. कडेकडेनंही बघा, तिथे पहारेकरी पेशी आहेत, त्याही रंगल्यात—त्याही मोजायच्या असतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

हं. लिहिलंत? इकडे करा. चाळीस. पुन्हा लिहा, मोठ्या अक्षरात. चाळीस. मी पंचेचाळीस मोजले होते, पण असू दे, तुमचा हात पहिल्यापासून आखडता. चाळीस, साहेब. शून्य नाही. पानगळीतल्या पानांसारखी तपकिरी आहे ती सगळी गाठ. ही मास्तरांची आहे. त्याच ब्लॉकची. ते गेले, दहा दिवसांनी मी कामावर आले, तुम्ही कुठल्याशा परिषदेला गेला होतात, रंगाच्या कपाटाची किल्ली तुमच्या टेबलाच्या डाव्या खणात. घेतली. तळघरातून ब्लॉक आणला, कापला, रंग दिला. चोरी केली, हो. लिहा पाटीवर चोर म्हणून. मला माहीत आहे, आकडा चांगला आला तरी औषध सगळ्यांना लागू पडत नाही, शंभरातल्या वीसेकांना पडतं, मी वाचलंय, मला काही कुणी शेंडी लावू शकत नाही. पण त्या वीसात मास्तर होते की उरलेल्या ऐंशीत, हे मला आता कोण सांगणार? एक वर्ष मिळालं असतं, दोन मिळाली असती, काहीच नसतं मिळालं—ते तर कळलं असतं. ते तुमच्या ‘पुढचा’मध्ये गेलं.

काय झालं? पुन्हा का बघताय? आकडा झाला ना लिहून. काचेच्या कडेला काय बघताय—ती तारीख आहे. माझी, पेन्सिलनं. त्या दिवशी कापली, त्या दिवशीची तारीख घातली, त्यात काय. ताजी कापून लगेच रंग दिला म्हणून तर इतकी लखलखीत—

काय लिहिताय. पुसा ते.

नाही, राहू द्या. वाचलं मी. ‘मग तेव्हाची कधी कापलेली होती?’

तुम्ही तेव्हाही हेच विचारलं होतंत. आठवतंय तुम्हाला. काच लावायच्या आधी, दहा पोरांसमोर, ‘ही ताजी आहे ना?’

तुम्हाला माहीत नाही साहेब, त्याच्या आठच दिवस आधी काय झालं होतं ते. म्हणजे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच केलं होतंत, पण तुम्ही विसरला असाल. तुम्ही माझा जास्तीच्या काचांचा खोका सगळ्यांसमोर टेबलावर उपडा केलात. म्हणालात, ‘बायकांना साठवल्याशिवाय चैन पडत नाही, हे काय लोणचं आहे?’ आणि भिंतीवर चिठ्ठी लावलीत—ह्या रंगासाठी काच कापल्यापासून दोन आठवड्यांच्या आत वापरावी, जुनी चालणार नाही. मी ती चिठ्ठी वाचली. मनात म्हटलं, हो हो, मोठा आलाय. तीस वर्षं काचा कापतेय मी. दहा वर्षांपूर्वीच्या काचा काढून रंग दिलाय आणि काल कापल्यासारख्या उठल्यात. काच काय दूध आहे नासायला? जुन्या रंगांना नव्हतीच नासत हो. खरंच नव्हती. ह्या एका प्रथिनाचंच असं, की पातळ कापून हवेत ठेवलं की ते हळूहळू विझतं. मेणाच्या आत असेपर्यंत वर्षानुवर्षं जिवंत, आणि काचेवर, काचा वाळवायच्या भट्टीच्या वरच्या फळीवर, उबेत, आठ महिने—

तळघराचं कुलूप उघडायला चिठ्ठी लागायची, भांडारवाला जेवायला गेला होता, मास्तरांना त्या दिवशी गिळता येत नव्हतं आणि मला लवकर घरी जायचं होतं. आणि माझा खोका परत फळीवर होता. मी परत भरून ठेवला होता, तुमच्या नाकावर टिच्चून. चारातली एक काढली. माझ्या हातची, एक सुरकुती नसलेली. तुम्ही विचारलंत, ‘ताजी आहे ना?’ पोरं हसायच्या तयारीत होती. लोणचं म्हणणार होती.

मी म्हटलं, आजचीच.

आजचीच कापलेली, साहेब.

मग तुम्ही बघितलंत. आणि काचेवर जे होतं ते वाचलंत. शून्यच होतं ते. दीड मिनिट कशाला, अर्धं पुरलं असतं.

रात्री घरी भांडी घासताना हात थांबला माझा. भिंतीवरची ती चिठ्ठी डोळ्यांपुढे आली. म्हणून दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आले. पुन्हा कापूया म्हटलं. का, ते नाही म्हटलं. एक वाक्य होतं—साहेब, काल मी खोटं बोलले, ती जुनी होती. आठच शब्द. तुम्ही ओरडला असतात, नोकरीवरून काढलं असतंत, पण ब्लॉक कापून घेतला असतात, तेवढे तुम्ही सरळ होता हे मला माहीत होतं. ते वाक्य मी दारापर्यंत तोंडात धरून नेलं, मास्तर टाचण्या धरायचे तसं. आणि तुम्ही मायेचं ते बोललात, मान वर न करता. मग मी गिळलं. तुम्ही मान वर केली असतीत तर मी बोलले असते. बोलले असते मी. हे तरी तुमचं पाप आहे की नाही? आहे ना? डोकं हलवा. नुसतं बघू नका माझ्याकडे असं, हलवा डोकं.

पाटी खाली ठेवा. मला काही वाचायचं नाही. तुम्ही आता त्या पाटीवर काही चांगलं लिहाल आणि मला ते नकोय. माझ्या रागाला अकरा वर्षं तुमचा पत्ता आहे. तुम्ही गेलात तर तो परत माझ्याच दारात येईल, एवढं कळतं मला. अडाणी आहे, मूर्ख नाही.

आज कापणार नाही. बघा ही बोटं—बघितलंत? दुपारनंतर अशीच, आणि आज तर तुम्ही समोर आहात. सकाळी थरथरत नाहीत. उद्या आठला आणा. डबी घेऊन जा, माझ्या घरात रात्रभर ठेवायची नाही मला, तुमच्या बर्फाच्या कपाटात ठेवा. कापल्यावर काचा थेट रंगाला न्यायच्या, गाडी खाली तयार ठेवायला सांगा सूनबाईंना. तीन फेरे घेईन. चौथा नाही. काचेवर तारीख मी लिहीन, वेळही लिहीन, आणि तुम्ही शेजारी उभं राहून ती बघायची, घड्याळाशी ताडून. विचारायचं नाही मला ताजी आहे का म्हणून.

आणि आकडा आला की मला सांगायला येऊ नका. चाळीस येवो, शून्य येवो.

मास्तरांची काच इकडे द्या. कापसात नीट ठेवा. हां. उठा आता. कठड्याला धरून उतरा, दुसऱ्या मजल्यावर एक पायरी फुटलीय.

दार ओढून घ्या.